मॉडिफाय केलेल्या जीपचा विमा काढताना

आधी बदल आरसीवर चढवा, मग विम्याचं बघा. गाडी एमएच-20 असो की एमएच-26, इंजिन किंवा इंधन बदललं असेल तर आरटीओची नोंद लागतेच. नसेल तर सर्व्हेअर (विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारा) क्लेमला तिथंच खोडा घालतो. बुलबारवर (बंपरपुढच्या लोखंडी गार्डवर) 2017 पासून बंदी आहे, तो उतरवा. विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र), जादा दिवे यांची पक्की बिलं जोडून ते पॉलिसीत वेगळे लिहून घ्या.

पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, विमा कंपनी आणि मालक दोघांच्या संमतीनं ठरते. जुनी जीप भंगाराच्या भावात लिहू देऊ नका. चारही बाजूंचे फोटो, चेसिस नंबरचा ठसा, व्हॅल्युएशन रिपोर्ट पुढे करा. हे काम ऑनलाइन रेटण्यापेक्षा सरळ शाखेत जाऊन बसा.

50 वर्षांवरची मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोज पळवता येत नाही.