जुन्या लढाऊ विमानातला पार्ट ओळखायचाय? आधी प्लेट बघा

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानाचा एखादा इलेक्ट्रॉनिक डबा हाती लागला तर लगेच स्क्रू खोलत बसू नका, आधी नेमप्लेट शोधा, मुकुट आणि खाली एएम दिसलं की माल एअर मिनिस्ट्रीचा, म्हणजे हवाई दल सांभाळणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याचा, आणि १०डी/ वगैरेने सुरू होणारा नंबर म्हणजे स्टोअर्स रेफरन्स (भांडारातल्या सामानाचा यादी क्रमांक), त्यात १० म्हणजे वायरलेसचं सामान, ५ इलेक्ट्रिकल, ६ए असेल तर इन्स्ट्रुमेंट. सर्च करताना तोच नंबर टाका, नुसतं ‘जुना रेडिओ’ टाकून काही हाती लागत नाही. आर११५५ दिसलं तर मजाच, लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानात हाच रेडिओ रिसीव्हर असायचा! अक्षरं पुसट असतील तर प्लेट घासू नका हां, टॉर्च तिरका मारा. आणि डायलवर अंधारात चमकणारा रंग असेल तर काच उघडूच नका, त्यात रेडियम असू शकतं, चमक गेली तरी किरणोत्सर्ग चालूच असतो.