ऑनलाइन वर्ग: २०२० मधल्या या चुका पुन्हा करू नका

"सर, आवाज येतोय का?" जून २०२० मध्ये शाळा सुरू झाली ती याच प्रश्नाने. आताही अतिवृष्टीची सुट्टी पडली की एखाद्या वर्गाच्या ग्रुपवर लिंक येते आणि तेव्हाच्या चुका नव्याने घडतात.

सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे लाइव्ह तास हाच अभ्यास मानणं. घरात फोन एक, पॅक रोजच्या दीड जीबीचं, शिकणारी भावंडं दोन. दुपारपर्यंत नेट रांगायला लागायचं आणि मग दिवस वाया. सिंधुदुर्गात एका विद्यार्थिनीने रेंजसाठी डोंगरावर झोपडीत बसून अभ्यास केला. तिचं कौतुक झालं ते योग्यच, पण तशी वेळ यावी यात कौतुक कसलं? बाकीच्यांपैकी जी मुलं तरली, त्यांनी धडा दुसरीकडून घेतला आणि लाइव्ह तास शंकांसाठी राखला. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही धड्यांची मालिका लागायची, तिला नेट लागत नव्हतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये होती. सरकारच्या दीक्षा या अभ्यासाच्या ॲपवरचा धडा एकदा उतरवला की नेटशिवाय उघडतो. सोलापूरच्या नीलमनगरात तर घरांच्या भिंतींवरच धडे रंगवले होते!

नेट पुरत नसेल तर आधी व्हॉट्सॲप तपासा. वर्गाच्या ग्रुपवर साठ मुलांच्या गृहपाठाचे फोटो पडतात आणि ते सगळे तुमच्या फोनमध्ये आपोआप उतरतात. सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा उघडून मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा. प्ले स्टोअरचे अपडेट फक्त वायफायवर ठेवा. यूट्यूबवर फळा वाचता येत असेल तर ३६०पी पुरे. आवाज तुटत असेल तर आपला कॅमेरा बंद करा, माइक नव्हे.

एकाच खोलीत दोन फोन एकाच मीटिंगला जोडले की कर्कश शिट्टी वाजते. एकाचा माइक आणि स्पीकर, दोन्ही बंद करा. नुसता माइक बंद करून भागत नाही.

गृहपाठाचे आडवेतिडवे, हाताची सावली पडलेले फोटो तपासताना शिक्षकांचे डोळे दुखायचे. बरेच जण कॅमस्कॅनर हे पानं स्कॅन करायचं ॲप वापरायचे. २९ जून २०२० ला त्यावर बंदी आली आणि ऐन वेळी धावपळ झाली. गूगल ड्राइव्हमध्येही स्कॅनची सोय आहे. वही खिडकीजवळ ठेवा, पानं क्रमाने घ्या, सगळ्या पानांची एकच पीडीएफ करा आणि फाइलला हजेरी क्रमांक व विषय असं नाव द्या. 'न्यू डॉक १७' नावाची फाइल कोणाची, हे सरांना कळणार कसं?

अंथरुणात लोळत तास ऐकू नका. हे आई सांगतेच, मी वाढवत नाही.

एक चूक मात्र उशिरा दिसली. दीड-दोन वर्षं ऑनलाइन चाचण्यांत पर्यायांवर टिचक्या मारून मुलांचा लिहिण्याचा वेग गेला. २०२२ च्या दहावी-बारावीच्या लेखी परीक्षेत ७० ते १०० गुणांच्या पेपरला बोर्डाने अर्धा तास जादा दिला, तरी कित्येकांचे शेवटचे प्रश्न राहिले. म्हणून वर्ग ऑनलाइन असला तरी रोज एक उत्तर घड्याळ लावून, शाईने, वहीतच लिहा. आणि पान भरायला किती मिनिटं लागली, ते समासात टिपून ठेवा.