स्किल लॅबमध्ये नुसती सही घेऊन येऊ नका, मॅनिकिनवर खरंच शिकायचं कसं ते सांगते

एमबीबीएस सेकंड इयरच्या पोरापोरींचे मला सारखे मेसेज येतात, ताई स्किल लॅबचं (पेशंटआधी मॉडेलवर हात बसवायच्या लॅबचं) पोस्टिंग लागलंय, तिथे नेमकं करायचं काय. कारण होतं असं की पंचवीस जणांची बॅच, मॅनिकिन म्हणजे सरावाचा माणसासारखा पुतळा एक, सर एकदा करून दाखवतात, पुढे उभे असलेले दोघं-तिघं हात लावतात, बाकीचे मागून माना वर करून बघतात, लॉगबुकवर सही होते आणि संपलं. माझंही तसंच झालेलं.

मग इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात रात्री अडीचला कॅज्युअल्टीत एका आजींना कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत बसवायची प्लास्टिकची बारीक नळी) लावायची वेळ आली. लॅबमधल्या रबरी हातावर माझी सुई पहिल्या फटक्यात जायची, इथेही गेली, रक्त दिसलं, आणि तेव्हा लक्षात आलं की चिकटपट्टी कापून ठेवलेलीच नाही, एका हाताने कॅन्युला धरलीय, दुसऱ्या हाताने पट्टीचं टोक शोधतेय, टूर्निकेट (शीर फुगावी म्हणून हाताला बांधायचा पट्टा) तसाच आवळलेला, आणि आजींच्या चादरीवर रक्त. आजी काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, ते अजून आठवतं. लॅबमध्ये मी पट्टी कधी कापलीच नव्हती, कारण तिथे सुई आत गेली की "जमलं" म्हणून पुढच्याला जागा द्यायचो. हात तेवढंच शिकतो जेवढं तुम्ही तिथे खरंच केलंय. म्हणून अर्धी प्रोसिजर कधीच करू नका, रुग्णाला नमस्कार करण्यापासून सुई डब्यात टाकेपर्यंत सगळी करा.

आधी लॅबमध्ये काय काय आहे ते माहीत करून घ्या. 2019 च्या बॅचपासून नवा अभ्यासक्रम आला आणि 2020 च्या नियमात कॉलेजला स्किल लॅब सक्तीची झाली, 150 सीटपर्यंत किमान 600 चौरस मीटर आणि 200-250 सीटला 800 चौरस मीटर, त्यात रुग्ण तपासायच्या खोल्या, डीब्रीफिंगची (नंतर बसून काय घडलं ते बोलायची) जागा, व्हिडिओ रेकॉर्डिंग वगैरे धरून. म्हणजे ही जागा तुमच्या हक्काची आहे. बऱ्याच ठिकाणी चांगली मॉडेल्स कपाटात कुलपात असतात कारण कुणी मागतच नाही! लॅबच्या टेक्निशियनशी ओळख करा, नीट विचारा की पोस्टिंग सोडून कधी येता येईल, कुणाची परवानगी लागते. तिघं-चौघं मिळून गेलात, वेळेत आलात आणि सामान जागेवर ठेवलंत तर दुसऱ्यांदा कुणी नाही म्हणत नाही. आणि श्वास घेणारा, डोळे मिचकावणारा महागडा मॅनिकिन नाही म्हणून हिरमुसू नका, कॅन्युला, कॅथेटर (लघवीची नळी), टाके, सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं) या गोष्टींना साधं मॉडेल पुरतं, तो मोठा मॅनिकिन लागतो टीमने सिरीयस पेशंट सांभाळायची प्रॅक्टिस करायला.

शिकायची पद्धत मला सगळ्यात उपयोगी पडली ती पेटन नावाच्या सर्जनची चार पायऱ्यांची. पहिल्यांदा शिकवणारा न बोलता, खऱ्या वेगाने सगळं करून दाखवतो. दुसऱ्यांदा हळूहळू, प्रत्येक गोष्ट का करतोय ते सांगत. तिसऱ्यांदा तुम्ही बोलायचं आणि हात त्याने हलवायचे, तुम्ही जे सांगाल तेवढंच तो करणार. चौथ्यांदा तुम्ही स्वतः बोलत बोलत करायचं. यातली तिसरी पायरी सगळे गाळतात आणि खरं शिक्षण तिथेच आहे, कारण आपल्याला काय येत नाही ते बोलायला लागल्यावरच कळतं. सर नसले तरी दोन मित्र मिळून हे करू शकता.

आता कॅन्युलाच घ्या. सामान आधी ट्रेमध्ये लावा, ग्लोव्ह्ज, टूर्निकेट, स्पिरिट स्वॅब, योग्य नंबरची कॅन्युला (18 हिरवी, 20 गुलाबी, 22 निळी, 24 पिवळी, हे पाठच पाहिजे), फ्लश (नळी मोकळी आहे का बघायला आत सोडायचं थोडं सलाईन), कापलेली पट्टी, आणि सुया टाकायचा पांढरा डबा हाताच्या अंतरावर. मग नाव विचारा, हो, रबरी हाताला विचारा, "आजी, नाव काय तुमचं? सलाईनसाठी सुई लावतेय, मुंगी चावल्यासारखं होईल, हात हलवू नका हं." पहिल्या वेळी लाज वाटते, तिसऱ्या वेळी वाटत नाही, आणि वॉर्डात हेच वाक्य तोंडातून आपोआप येतं. टूर्निकेट बांधा, शीर बोटाने चाचपा, नुसती डोळ्यांनी शोधू नका, स्वॅबने पुसून स्पिरिट सुकू द्या, कातडी खाली ताणून धरा, कमी कोनात आत जा. रक्त दिसलं की लगेच सुई मागे ओढायची घाई करू नका, कोन अजून कमी करून जरासं पुढे जा आणि मग सुई स्थिर धरून कॅन्युला सरकवा. माझ्या बघण्यात निम्म्या कॅन्युला इथेच फुकट जातात, सुईचं टोक शिरेत असतं पण प्लास्टिक अजून बाहेरच असतं. मग टूर्निकेट सोडा, वरून शीर दाबा, सुई काढून थेट पांढऱ्या डब्यात, परत टोपण लावायचं नाही, फ्लश करा, पट्टी लावा, तारीख-वेळ लिहा, ग्लोव्ह्ज लाल पिशवीत. मित्राला घड्याळ आणि चेकलिस्ट घेऊन शेजारी उभं करा, त्याने मध्ये एक शब्दही बोलायचा नाही, शेवटी काय राहिलं ते सांगायचं.

सीपीआरचे आकडे सगळ्यांना येतात, मिनिटाला 100 ते 120 वेळा छाती दाबायची, मोठ्या माणसाला 5 ते 6 सेंटीमीटर खोल, 30 दाबांना 2 श्वास. पण दोन मिनिटं सलग केलंय का कधी? करून बघा. दीड मिनिटानंतर हात वाकायला लागतात, खोली कमी होते आणि आपल्याला पत्ताच लागत नाही, म्हणून तर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. मोबाईलवर मेट्रोनोम 110 वर लावा. छाती पूर्ण वर येऊ देताय का ते शेजारच्याला बघायला सांगा, दमल्यावर आपण छातीवर रेलून राहतो आणि मग हृदय भरत नाही. आणखी एक, लॅबमध्ये मॅनिकिन जमिनीवर असतो आणि आपण गुडघ्यांवर, वॉर्डात पेशंट उंच कॉटवर मऊ गादीत असतो. मॅनिकिन एकदा कॉटवर ठेवून करा, खाली फळी सरकवा, पायाखाली स्टूल घ्या, माझ्यासारख्या कमी उंचीच्या मुलींना तर स्टूलशिवाय जोरच लागत नाही. हा सीपीआरचा मॅनिकिन 1960 साली नॉर्वेच्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या माणसाने काढला. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या बनवण्याचा हात होता म्हणून जमलं, आणि आज जगभरचे डॉक्टर त्यावर शिकतात, मला हे फार भारी वाटतं.

इंट्युबेशनला, म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब घालायला, एकच सांगते, लॅरिंगोस्कोप (घसा दिसावा म्हणून तोंडात घालायचं दिव्याचं पातं) डाव्या हातात आणि उचलायचा हँडलच्या दिशेने वर-पुढे, दातांवर टेकवून उलटा फिरवायचा नाही. बऱ्याच मॅनिकिनचे दात दाबले की टक आवाज होतो, तो आवाज आला की तुमचा प्रयत्न फेल धरा, जरी ट्यूब बरोबर गेली असली तरी.

आता ज्याला कुणी प्रॅक्टिसच समजत नाही त्याबद्दल, बोलणं. 1963 मध्ये लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज यांनी धडधाकट माणसाला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवलं, तिथून हे सिम्युलेटेड पेशंट सुरू झाले. आपल्याकडे प्रशिक्षित माणसं मिळोत न मिळोत, मित्र आहेतच. पण रोल प्ले इंग्रजीत करू नका! आपण हिस्ट्री इंग्रजीत पाठ करतो आणि पेशंट सांगतो "उन्हाळी लागलीय", "जीव घाबरतोय", "अंगावरून जातंय". अंगावरून जातंय म्हटल्यावर पांढरं की लाल हे विचारायचं असतं, किती दिवस, किती कपडे बदलावे लागतात, हे ओघात आलं पाहिजे. मित्राला सांगा तू सांगोल्याचा शेतकरी आहेस, तीन दिवस ताप आहे, फवारणी केलीस पण मी विचारल्याशिवाय ते सांगायचं नाही. बघा किती जणांना ते विचारायचं सुचतं.

आणि वाईट बातमी सांगायची प्रॅक्टिस तर कराच. नातेवाईकाला "पेशंट एक्सपायर झाले" म्हणतात ना, तो शब्द कितीतरी जणांना कळत नाही, ते विचारतात मग आता बरे कधी होतील. मी हे डोळ्यांनी बघितलंय आणि ते बघवत नाही. बसून, नातं विचारून, "आम्ही खूप प्रयत्न केले, पण बाबा गेले" असं सरळ मराठीत सांगायचं आणि मग गप्प बसायचं. तो गप्प बसण्याचा अर्धा मिनिट सगळ्यात अवघड असतो, त्याचीही प्रॅक्टिस लागते.

प्रत्येक सेशननंतर डीब्रीफिंगला निदान तेवढाच वेळ द्या जेवढा प्रोसिजरला दिलात. "चांगलं केलंस" याने काही होत नाही आणि "काय हे" याने तर पोरं पुढच्या वेळी हातच लावत नाहीत. आधी करणाऱ्याने सांगायचं काय घडलं, मग बघणाऱ्याने जे दिसलं ते, "तू दुसऱ्या मिनिटाला ऑक्सिजन लावलास, त्याआधी तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?" असं. खरं कारण त्या उत्तरात असतं, कुणाला सिलिंडरची चावी सापडत नसते, कुणाला वाटतं दुसऱ्याने लावलाय. म्हणूनच टीममध्ये नाव घेऊन काम सांगायचं आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणायचं, "रोहन, अॅड्रेनालिन 1 मिलिग्राम आयव्ही", "अॅड्रेनालिन 1 मिलिग्राम आयव्ही दिलं". व्हिडिओ काढला तर तो फक्त ग्रुपमध्ये बघा आणि डिलीट करा, कुणाची चूक बाहेर फिरली की त्या लॅबमध्ये परत कुणी मोकळेपणाने चुकणार नाही.

मॅनिकिनला जपा, ते आपल्या पुढच्या बॅचचंही आहे. बेटाडीन लावू नका, पेनाने खुणा करू नका, वर्तमानपत्रावर ठेवू नका, शाई आणि आयोडीनचे डाग त्या कातडीतून निघत नाहीत. कॅथेटरला कंपनीचं वंगण वापरा, बाकी काहीही नको. रबरी हातातलं लाल पाणी काम झाल्यावर काढून साध्या पाण्याने धुवून घ्या, नाहीतर नळ्या चोंदतात.

लॅब मिळतच नसेल तर टाके घरी शिका. चिकनवाल्याकडे स्किनसकट लेगपीस मागा, नाहीतर जुन्या गादीचा फोम आणि केळीचं साल घ्या, ओटीतल्या सिस्टरना मुदत संपलेल्या सुचर्ससाठी (टाक्यांच्या सुई-धाग्यासाठी) विचारा, बऱ्याचदा मिळतात. सुई कातडीत काटकोनात घाला आणि मनगट फिरवा, ढकलू नका. वापरलेल्या सुया घरच्या कचऱ्यात अजिबात नकोत, डबीत साठवून हॉस्पिटलच्या पांढऱ्या डब्यात टाका, कचरा वेचणाऱ्या मावशींच्या हाताला लागतात त्या.

आणि पहिल्या खऱ्या पेशंटच्या वेळी रेसिडेंट डॉक्टरला आधीच सांगा की माझी पहिलीच वेळ आहे, शेजारी थांबा. दिवसाउजेडी, ठळक शिरा असलेल्या एखाद्या काकांपासून सुरुवात करा, त्यांना विचारून. दोनदा नाही जमलं तर तिसऱ्यांदा टोचायचं नाही, सिनियरला द्या, काकांना सॉरी म्हणा, आणि संध्याकाळी लॅबमध्ये जाऊन जिथे अडलात तेवढाच भाग पट्टी कापण्यापासून परत करा.