विषबाधा शिकवायची जबाबदारी नव्याने आलीय? आधी अ‍ॅट्रोपिन नीट शिकवा

एमडी झालं, सीनिअर रेसिडेन्सी संपली, असिस्टंट प्रोफेसर म्हणून रुजू झालात आणि युनिट हेड म्हणाले, "टॉक्सिकॉलॉजीचं टीचिंग तुम्ही बघा." आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांत हे काम बहुतेकांच्या वाट्याला असंच येतं. विषय कुणा एका विभागाचा नाही. विषं आणि कायदा फॉरेन्सिकवाले शिकवतात, उपचार मेडिसिनवाले, पहिला तास कॅज्युअल्टीत जातो आणि व्हेंटिलेटर भूलतज्ज्ञांकडे असतो. रेसिडेंटच्या हाती चार तुकडे येतात. ते जोडून देणं हे तुमचं काम, आणि ते जड वाटलं तर त्यात काही गैर नाही.

पुस्तकातल्या क्रमाने शिकवू नका. आर्सेनिक आणि शिसं नंतर. आधी कॅज्युअल्टीचं एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसेसचं) रजिस्टर मागवा, मागच्या वर्षभरातल्या विषबाधेच्या नोंदी विषानुसार मोजा आणि त्या क्रमाने विषय लावा. विदर्भ-मराठवाड्यात ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक, म्हणजे आपल्या बोलण्यातलं 'ओपी', बहुधा वर येईल. कोकणात साप आणि विंचू. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे रेसिडेंटला माहीत असायलाच हवं. फवारणीच्या पेशंटच्या पोटात काहीच गेलेलं नसतं. तिथे पोटात घालायची नळी (राईल्स ट्यूब) घेऊन धावण्यात वेळ जातो आणि कीटकनाशकाने भिजलेला शर्ट अंगावरच राहतो. कपडे काढणं, साबण-पाण्याने केसांपासून नखांपर्यंत धुणं, धुणाऱ्याच्या हातात ग्लोव्हज, हे पहिल्याच दिवशी प्रत्यक्ष करून घ्या.

आता मुख्य सापळा. यावर जरा जास्त लिहितोय, कारण नवा शिक्षक इथेच अडकतो आणि किंमत पेशंट मोजतो.

तोंडी परीक्षेत आपण विचारतो, अ‍ॅट्रोपिनायझेशनची (म्हणजे ओपीवरचा उतारा, अ‍ॅट्रोपिन, अंगात पुरेसा भिनल्याची) लक्षणं सांगा. रेसिडेंट म्हणतो, बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, नाडी जलद. आपण 'बरोबर' म्हणून पुढे जातो. तोच रेसिडेंट रात्री दोन वाजता वॉर्डात उभा असतो. नाडी १३०, एक बाहुली मोठी, आणि छाती दोन्ही बाजूंनी घरघरतेय. तो अ‍ॅट्रोपिन कमी करतो. त्याने तुम्ही शिकवलेलंच केलेलं असतं.

ओपीचा पेशंट पहिल्या काही तासांत जातो तो स्रावांनी भरलेल्या फुफ्फुसांमुळे आणि श्वास बंद पडल्यामुळे. म्हणून लक्ष्यं पाच, आणि पहिलं सगळ्यात महत्त्वाचं: छाती स्वच्छ (घरघर नाही), नाडी ८० च्या वर, सिस्टॉलिक (वरचं) बीपी ८० च्या वर, काखा कोरड्या, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या राहिलेल्या नाहीत. पाचवं लक्ष्य नीट वाचा. बाहुल्या पूर्ण विस्फारायला हव्यात असं त्यात कुठेही नाही. त्या उशिरा प्रतिसाद देतात, आणि डोळ्यात कीटकनाशक उडालं असेल तर त्या डोळ्याची बाहुली बराच काळ बारीकच राहते. नाडीचंही तसंच. ऑक्सिजन कमी पडला, पाणी कमी पडलं, विषाचा निकोटिनिक (स्नायू आणि नसांच्या गाठींवरचा) परिणाम असला तरी ती धावते. छाती ओली असताना नुसती जलद नाडी हे अ‍ॅट्रोपिन थांबवायचं कारण होत नाही. ऑक्सिजन आणि सलाईन सोबत चालू ठेवा, अ‍ॅट्रोपिन थांबवू नका.

याची उलट बाजूही तितकीच घातक आहे आणि ती फार कमी शिकवली जाते. उलटी श्वासनलिकेत गेली असेल तर उजव्या खालच्या भागात क्रेप्स (स्टेथोस्कोपने ऐकू येणारे ओले आवाज) राहतात. ते अ‍ॅट्रोपिनने जाणार नाहीत. दोन्हीकडे सारखे ऐकू येणारे क्रेप्स आणि एकाच जागचे क्रेप्स यांतला फरक रेसिडेंटच्या कानात बसला नाही, तर तो डोस वाढवतच राहतो. मग आतड्यांचे आवाज बंद होतात, ताप चढतो, लघवी अडते, पेशंट बरळायला लागतो. आणि मग "विष मेंदूत गेलं" असं म्हणून आणखी अ‍ॅट्रोपिन! अशा वेळी इन्फ्युजन (सलग चालू असलेलं ठिबक) बंद करायचं, दर अर्ध्या तासाने तपासायचं आणि लक्षणं ओसरली की आधीच्या ७० ते ८० टक्के वेगाने पुन्हा सुरू करायचं. पेशंटला बांधून ठेवणं हा यावरचा उपचार नाही.

हे लेक्चरने येत नाही, कागद-पेन घेऊन येतं. एका तासाचं ड्रिल असं घ्या. आपल्याकडचं नेहमीचं अँप्यूल १ मिलीचं, ०.६ मिलिग्रॅमचं. काही ठिकाणी मोठी व्हायल येते, म्हणून आधी लेबल वाचायला लावा. सुरुवात ३ अँप्यूल, म्हणजे १.८ मिलिग्रॅम. पाच मिनिटांनी पाचही लक्ष्यं तपासून लिहायची. सुधारणा नसेल तर दुप्पट: ६ अँप्यूल, ३.६ मिलिग्रॅम. पुन्हा पाच मिनिटं. पुन्हा दुप्पट: १२ अँप्यूल, ७.२ मिलिग्रॅम. समजा इथे छाती मोकळी झाली. एकूण १२.६ मिलिग्रॅम. याच्या १० ते २० टक्के दर तासाला इन्फ्युजन. १० टक्के धरलं तर ताशी १.२६ मिलिग्रॅम. न पातळ करता सिरिंज पंपात भरलं तर ताशी २.१ मिली. हा हिशोब प्रत्येक रेसिडेंटने स्वतः, कॅल्क्युलेटरशिवाय करायचा. शिवाय बारा अँप्यूल फोडून सिरिंजमध्ये भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून दाखवा. पुढचा बोलस (एकदम द्यायचा डोस) २४ अँप्यूलचा असू शकतो. एकट्याने फोडत बसलं तर पाच मिनिटांचं अंतर पाळताच येत नाही, म्हणून पहिला डोस गेला की दुसऱ्या माणसाने पुढचा भरायला घ्यायचा.

हे दुप्पट करत जाणं म्हणजे घाई नव्हे. चितगावच्या चाचणीत (२०१२) जुन्या पद्धतीने ठरावीक बोलस देत गेलेल्या गटात मृत्यू २२.५ टक्के होते, दुप्पट करत नेऊन मग इन्फ्युजन दिलेल्या गटात ८ टक्के. "दर पंधरा मिनिटांनी दोन अँप्यूल, पुढच्या राउंडपर्यंत" असा आदेश अजूनही केस पेपरवर दिसतो. तो आदेश सीनिअरचा असला तरी विचारा. नम्रपणे, पण विचाराच.

दुसरा टप्पा थोडक्यात. २४ ते ९६ तासांत इंटरमीडिएट सिंड्रोम (मान आणि श्वासाचे स्नायू लुळे पडणं) येतो आणि तो स्नायूंचा असल्याने अ‍ॅट्रोपिन त्याला काहीच करत नाही. दर चार तासांनी एकच गोष्ट करून घ्या: उशीवरून डोकं उचलायला सांगा. मान उचलता येत नसेल तर श्वास थकायची वाट न बघता भूलतज्ज्ञांना बोलवा.

पॅमसाठी (प्रॅलिडॉक्सिम, ओपीवर दिलं जाणारं दुसरं औषध) जर्नल क्लब ठेवा, स्लाइड नको. बारामतीची २००६ ची चाचणी: २ ग्रॅम लोडिंगनंतर ४८ तास ताशी १ ग्रॅम सलग दिल्यावर मृत्यू १ टक्का, दर चार तासांनी १ ग्रॅम दिलेल्या गटात ८. श्रीलंकेची २००९ ची: फायदा दिसला नाही, उलट पॅमच्या गटात मृत्यू जास्त, जरी तो फरक संख्याशास्त्राने पक्का ठरला नाही. दोन्ही लेख शेजारी ठेवून विचारा: पेशंट किती तासांनी आले, किती गंभीर होते, कुठलं कीटकनाशक प्यायले होते, आयसीयू कसा होता? 'पॅम द्यायचं की नाही' याचं एका शब्दात उत्तर देणारा शिक्षक मुलांना आवडतो, पण तो त्यांचं नुकसान करतो.

शॉर्टकटबद्दल माझी मतं ठाम आहेत. अँटिडोटचा (उताऱ्यांचा) तक्ता भिंतीवर असावा. तक्ता पाठ असणं म्हणजे उपचार येणं नव्हे. कोलिनएस्टरेजच्या (ओपी ज्या एन्झाइमला अडवतं त्याच्या) रिपोर्टची वाट बघत अ‍ॅट्रोपिन अडवू नये. लॅव्हाज (पोट धुणं) हे नातेवाइकांच्या समाधानासाठी कधीच करू नये. पहिल्या तासाभरानंतर त्यातून फारसं हाती लागत नाही आणि श्वासमार्ग सुरक्षित नसेल तर धोकाच जास्त. आणि गुरू शोधायचा तर आयसीयूच्या जुन्या सिस्टरकडे जा. कुठला पेशंट घसरतोय हे त्यांना मॉनिटरच्या आधी कळतं, आणि तुमचं ड्रिल रात्रपाळीत टिकणार की नाही हे त्यांच्यावर अवलंबून आहे. त्यांनाही ड्रिलमध्ये घ्या.

बाकी विषांत एकच इशारा, उंदराच्या पेस्टचा. पिवळ्या फॉस्फरसचा पेशंट पहिले एक-दोन दिवस ठणठणीत दिसतो, घरचे डिस्चार्ज मागतात आणि मग यकृत बसतं. पाच दिवस तरी रोज आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि लिव्हर फंक्शन. "बरा दिसतोय" हे डिस्चार्जचं कारण म्हणून केस पेपरवर चालणार नाही, असा युनिटचा नियमच करा.

कायद्याच्या जुन्या स्लाइड फेकून द्या. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेतलं कलम ३०९ तिच्यात नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न तेवढा कलम २२६ मध्ये आहे. त्याआधीच २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ ने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलंय. एमएलसी करायचीच, पण उपचार आधी. आणि पेशंटशी कुणीही दरडावून बोलायचं नाही. राउंडला तुम्ही स्वतः "काय दादा, आज कसं वाटतंय?" असं विचारलंत की ज्युनिअरही तसंच बोलतात. मानसोपचार विभागाचं रेफरन्स डिस्चार्जच्या दिवशी नको. पेशंट शुद्धीवर येऊन बोलता झाला की लगेच.

सुरुवातीचे काही महिने तुम्हाला वाटेल की आपण तेच तेच शिकवतोय. वाटू द्या. जेआर (ज्युनिअर रेसिडेंट) दर काही महिन्यांनी बदलतात, जिल्हा रुग्णालयात तीन महिन्यांच्या डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीला जातात, आणि तिथे रात्री वर विचारायला कुणी नसेल तेव्हा हेच कामी येतं. तुम्हाला सगळी विषं यायला हवीत असंही नाही. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास उत्तर देतं, तिथे रेसिडेंटकडूनच फोन करून घ्या. बाटलीवरचं नाव, किती प्यायलं, किती वाजता, आता नाडी-बीपी-छाती, या क्रमाने माहिती समोर ठेवायला लावा.

शिकवलेलं उतरलं का, हे एमसीक्यूने कळत नाही. तीन महिन्यांनी ओपीचे पाच खरे केस पेपर काढा. पहिल्या तासात दर पाच मिनिटांची नोंद आहे का, छातीबद्दल 'दोन्हीकडे' की 'एका जागी' असं लिहिलंय का, इन्फ्युजनचा वेग एकूण डोसवरून काढलाय का, एवढंच बघा. रकाने रिकामे असतील तर ज्याने तो पेपर लिहिला त्याला ओरडू नका. त्याला शेजारी बसवून तोच पेपर घेऊन ड्रिल पुन्हा करा, आणि पुढच्या ओपीच्या पेशंटला पहिला तास त्याच्यासोबत उभे राहा.