अक्कलदाढ आडवी, कीड शेजारच्या दाढेला: या चुका टाळा

अक्कलदाढ साधारण 17 ते 25 या वयात येते. तोवर जबड्यात जागा उरली नसेल तर ती पुढे झुकते, शेजारच्या दाढेला टेकते आणि अर्धीच वर येऊन अडकते. सगळं लक्ष मग या अडकलेल्या दाढेकडे जातं. जपायची असते ती तिच्या पुढची, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास आलेली दाढ. घास चावायचं काम आयुष्यभर तीच करते, आणि कीड लागते तीही तिलाच.

दुखत नाही, म्हणून थांबणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. झुकलेल्या अक्कलदाढेचा माथा शेजारच्या दाढेच्या मानेशी, म्हणजे इनॅमल संपून मूळ सुरू होतं तिथे टेकतो. दोघींच्या मध्ये खोल खाच तयार होते. पोळीचा, चिवड्याचा, बिस्किटाचा चुरा तिथे बसतो आणि ब्रश पोहोचत नाही. इनॅमल विरघळायला आम्लता पीएच 5.5 च्या खाली जावी लागते. मुळाचा भाग मात्र 6.2 ते 6.7 च्या आसपासच झिजायला लागतो. त्यामुळे वरून दाढ स्वच्छ, पांढरी दिसते आणि मागच्या बाजूने पोखरली जाते. मानेजवळ नसही जवळ असते. म्हणून इथली कीड कळते तेव्हा बरेचदा साधं सिमेंट भरण्याची वेळ टळून गेलेली असते आणि गाडी थेट रूट कॅनालवर येते.

मात्र प्रत्येक अडकलेली अक्कलदाढ काढलीच पाहिजे, हेही चूक आहे. पूर्ण हाडात गाडलेल्या, तोंडाशी संबंध न आलेल्या दाढेमुळे अशी कीड लागत नाही. धोका खालच्या जबड्यात, अर्धवट बाहेर आलेल्या, पुढे तिरक्या किंवा आडव्या आणि शेजारणीच्या मानेला टेकलेल्या दाढेचा. ब्रिटनमध्ये 2000 साली नाइस या संस्थेने त्रास नसलेल्या अक्कलदाढा काढू नयेत अशी मार्गदर्शक सूचना काढली. पुढे तिथल्या सर्जननी नोंदवलं की रुग्ण आता जास्त वयात येतात आणि काढण्याच्या कारणांत शेजारच्या दाढेची कीड वाढली आहे. तेव्हा दाढ ठेवायची असेल तर ती नजरेखाली ठेवायची.

फक्त ओपीजी बघून निर्णय

पूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे दाढेचा कोन, मुळं आणि नसेची नळी दाखवतो. पण त्यात दाढांच्या कडा एकमेकींवर येतात आणि सुरुवातीची कीड झाकली जाते. 'त्या दोन दाढा टेकतात तिथला छोटा एक्स-रे घेऊया का?' असं स्पष्ट विचारा. फिल्म पुरेशी मागे गेली नाही तर नेमका हवा तोच भाग सुटतो. उमासा येत असेल तर नाकाने श्वास घ्या आणि तसं आधी सांगा. उलटी चूकही होते: निरोगी दाढेच्या मानेशी एक्स-रेत काळपट पट्टा दिसू शकतो आणि तो किडीसारखा वाटतो. शंका असेल तर वेगळ्या कोनातून दुसरा एक्स-रे घेतल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नये.

दुखतंय कोणती, हे न तपासता दाढ काढणं

थंड किंवा गोड लागल्यावर कळ येते, रात्री आडवं झाल्यावर ठणका वाढतो, कान-कानशिलापर्यंत दुखतं: हे बहुधा शेजारच्या दाढेच्या नसेचं दुखणं. हिरडी सुजते, वरची दाढ त्या सुजेवर लागते, तोंडाला घाण चव येते, जबडा पुरता उघडत नाही: हा अक्कलदाढेवरच्या हिरडीच्या झालरीखालचा संसर्ग. दोन्ही एकाच वेळी असू शकतात. शेजारच्या दाढेची थंड चाचणी न करता अक्कलदाढ काढली, तर जखम भरते आणि ठणका तसाच राहतो.

मेडिकलमधून गोळ्या, दाढेवर लवंग तेल

अँटिबायोटिकने सूज चार दिवस ओसरते. झालरीखालची घाण आणि दाढेतली कीड जागच्या जागी राहते. दर दोन महिन्यांनी तोच कोर्स घेणं म्हणजे कीड वाढायला वेळ देणं. झालरीखालून सलाइनने धुऊन घेणं हा खरा पहिला उपाय. घरी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चारदा चूळ भरा. 0.2 टक्के क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक माउथवॉश) 10 मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा चालेल. आठवडाभरापेक्षा जास्त स्वतःहून वापरू नका, दातांवर डाग पडतात. पेस्ट लावल्यावर अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर त्याचा परिणाम कमी होतो.

लवंग तेल किंवा ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवली तर कातडी भाजते. मिश्री किंवा तंबाखू दाबून ठेवल्याने दुखणं बधिर झाल्यासारखं वाटतं, पण कीड चालूच राहते आणि कर्करोगाचा धोका वाढतो तो वेगळाच. सुपारी-गुटख्याने तोंड उघडणं कमी झालं असेल तर हे आधी सांगा, कारण मग मागच्या दाढेवर काम करणंच अवघड होतं.

ताप, गळ्याकडे उतरणारी सूज, गिळताना त्रास किंवा दोन बोटंही तोंडात जाऊ नयेत अशी अवस्था असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

कामाचा क्रम उलटा करणं

अक्कलदाढ जागेवर असताना तिच्या मागे लपलेल्या खड्ड्यात सिमेंट भरलं तर ते फार टिकत नाही. तिथे रक्त आणि लाळ अडवता येत नाही, भरताना दाढेभोवती लावायची पट्टी नीट बसत नाही, कड उघडी राहते. शिवाय पुढे अक्कलदाढ काढताना अवजाराचा जोर शेजारणीवर आला तर भरलेलं सिमेंट किंवा कॅप निघू शकते. साधारण क्रम असा: ठणका असेल तर आधी दाढ उघडून औषध भरून शांत करायची, मग अक्कलदाढ काढायची, हिरडी बसल्यावर, काही आठवड्यांनी, पक्कं काम. कीड मुळाकडे फार खाली गेली असेल तर दाढ वाचणार का, हे आधीच विचारा. शेजारची काढून अक्कलदाढ तिच्या जागी येईल ही आशा कमी वयात आणि चांगल्या कोनातच धरावी. आडव्या दाढेकडून धरू नये.

ब्रश आणि पेस्ट

तोंड पूर्ण उघडलं की गाल ताणतो आणि ब्रश मागे जात नाही. जबडा अर्धा मिटा, गाल ढिला सोडा, लहान डोक्याचा किंवा एकाच झुपक्याचा ब्रश मागून हिरडीच्या कडेने फिरवा. तिरक्या दाढेत फ्लॉस बरेचदा अडकतो, तिथे हा झुपकाच उपयोगी. पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइड लिहिलंय का बघा. अनेक मंजनांत आणि वनौषधी पेस्टमध्ये ते नसतं. फेस थुंका, लगेच खळखळून चूळ भरू नका.

दाढ काढल्यावर

कापूस अर्धा ते पाऊण तास दाबून धरा. पहिल्या दिवशी जोरात थुंकणं, चूळ, स्ट्रॉ आणि धूम्रपान बंद. रक्ताची गाठ निघाली तर हाड उघडं पडतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी तीव्र कळ सुरू झाली तर ती बहुधा ड्राय सॉकेट असते. त्यावर जागा धुऊन औषध भरावं लागतं, अँटिबायोटिक वाढवून उपयोग नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून थांबवू नका आणि हाडांसाठी इंजेक्शन घेत असाल तर ते आधी सांगा.

टाके साधारण आठवड्याने निघतात. पण शेजारच्या दाढेची मागची बाजू आता पहिल्यांदाच उघडी पडलेली असते, आणि विशेषतः पंचविशीनंतर तिथे हाड पूर्ण भरून येत नाही, हिरडी आणि दाढेच्या मध्ये खोल पॉकेट (खाच) राहू शकतं. तो झुपक्याचा ब्रश तिथे रोज फिरवा आणि सहा महिन्यांनी त्या दाढेचा छोटा एक्स-रे पुन्हा काढून घ्या.