नव्या कंपनीची पहिली इलेक्ट्रिक गाडी: बुकिंगचे पैसे भरण्याआधी

मी भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे प्लास्टिक पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघतो, म्हणून सोसायटीत कुणी गाडी घ्यायचं काढलं की एक चक्कर माझ्याकडे होतेच. जुन्या, जम बसलेल्या कंपन्यांचं विचारलं तर सांगणं सोपं असतं. अडतं ते जिची पहिलीच गाडी यायची आहे अशा कंपनीपाशी. तिथे काय बघायचं ते नीट लिहून ठेवतो.

आधी कागद-पेन घेऊन माहितीपत्रक सोडवा. उदाहरण पुण्याचंच घेऊ. इथल्या वायवे मोबिलिटीने 2023च्या ऑटो एक्स्पोत ‘ईव्हा’ ही छोटी गाडी दाखवली आणि जानेवारी 2025मध्ये दिल्लीत तिच्या किमती जाहीर केल्या. तीन मॉडेल: नोव्हा, स्टेला, व्हेगा. बॅटरी 9, 12.6 आणि 18 किलोवॅट-तासांची, रेंज 125, 175 आणि 250 किलोमीटर. छतावर सोलर पॅनेल, त्यातून वर्षाला 3,000 किलोमीटरपर्यंत मिळतील असा दावा. 3,000ला 365ने भागा, दिवसाला आठेक किलोमीटर येतात. पण ते उन्हात उभ्या असलेल्या गाडीला. तुमचं पार्किंग बिल्डिंगखाली असेल आणि ऑफिसात बेसमेंटला, तर हा आकडा हिशेबातून सरळ काढून टाका. गाडी दिवसभर उघड्यावर राहत असेल तरच धरा, आणि तेव्हाही जून ते सप्टेंबर कमीच धरा.

रेंजचंही तसंच. 2020मध्ये टाटाची नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा 30.2 किलोवॅट-तासांच्या बॅटरीवर प्रमाणित रेंज होती 312 किलोमीटर. वापरणाऱ्यांना रोजच्या रस्त्यावर साधारण 200च्या आसपास मिळायची. म्हणून नव्या कंपनीच्या आकड्याचे मी दोन-तृतीयांशच धरतो. 125 लिहिलंय ना, मग 80. हडपसर ते हिंजवडी जाऊन-येऊन त्यात बसतं का ते बघा.

बॅटरी भाड्याने घ्यायचा पर्याय असेल तर तोही मांडा. नोव्हा जाहीर झाली तेव्हा बॅटरीसकट 3.99 लाख आणि बॅटरीशिवाय 3.25 लाख अधिक किलोमीटरला 2 रुपये अशी किंमत होती. फरक 74,000 रुपयांचा, म्हणजे 37,000 किलोमीटरचं भाडं. महिन्याला 600 किलोमीटर फिरणाऱ्याला तिथवर पोचायला पाच वर्षं लागतात. नव्या कंपनीकडून घेताना मला भाड्याचा पर्याय जास्त पटतो, कारण बॅटरी बिघडली तर डोकेदुखी त्यांची. मात्र बॅटरीचा मालक कोण, कंपनी की फायनान्सवाला, हे करारात वाचल्याशिवाय सही करू नका.

आता गाडी प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हाचं. रंग, स्क्रीन, अँबियंट लाइट सगळे बघतात. तुम्ही प्लास्टिक उलटं करून बघा. दाराच्या खणात हात घाला, ग्लव्हबॉक्स उघडून झाकणाची आतली बाजू मोबाइलच्या टॉर्चने बघा, बूटमधलं सैल झाकण उचला. पक्क्या मोल्डमधून, म्हणजे कारखान्यातल्या कायमच्या साच्यातून, निघालेल्या पार्टच्या पाठीवर बहुधा एक छोटं गोल घड्याळ उमटलेलं असतं. कडेने 1 ते 12 महिने, मध्ये बाण आणि वर्षाचे दोन अंक. शेजारी प्लास्टिकच्या प्रकाराचा कोड, पीपी किंवा एबीएस. पार्ट साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल ठसेही दिसतात. यातलं काहीच नसेल, पाठ हाताने घासल्यासारखी असेल, कडांना फाइल मारलेली दिसत असेल, तर तो पार्ट बहुधा नमुन्यापुरता बनवलेला आहे. तो प्रदर्शनात ठेवणं गैर नाही, प्रत्येक कंपनी तिथूनच सुरुवात करते. पण त्यातून एक कळतं: पक्कं टूलिंग, म्हणजे साचे आणि डाय, अजून व्हायचंय. मोठ्या पार्टचे मोल्ड आणि पत्र्याच्या डाय घडवून, ट्रायल घेऊन, सॅम्पल पास करून पायलट लॉट, म्हणजे चाचणीपुरती पहिली छोटी खेप, निघेपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं. सेल्समन ‘तीन महिन्यांत डिलिव्हरी’ म्हणत असेल आणि पार्टच्या पाठीवर ते घड्याळ नसेल, तर घड्याळावर विश्वास ठेवा.

पुढची मॉडेलं, पुढचा कारखाना, ‘दोन वर्षांत एसयूव्ही’ हे ऐकून घ्या, पण पैसे त्यावर भरू नका. टेस्लाने 2006मध्ये आराखडा जाहीर केला: आधी महागडी स्पोर्ट्‌स कार, त्या पैशातून जरा स्वस्त गाडी, मग आणखी स्वस्त. रोडस्टर 2008ला आली, मॉडेल एस 2012ला, मॉडेल 3 थेट 2017ला. आराखडा खरा ठरला, पण 11 वर्षांनी. त्याच 2017मध्ये दाखवलेली नवी रोडस्टर 2020मध्ये देणार होते, ती काही वेळेवर आली नाही. आपल्याकडची रेवा ही छोटी इलेक्ट्रिक गाडी घ्या. 2001मध्ये बंगळुरूत सुरू झाली, 2010मध्ये महिंद्राकडे गेली, 2013मध्ये तिच्यातून ई2ओ ही पुढची इलेक्ट्रिक गाडी निघाली. आज चाकणमधून महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या इलेक्ट्रिक गाड्या बाहेर पडतात, त्यामागे ती सगळी वर्षं आहेत. लहान कंपनीला असा वेळ मिळावा असं मला मनापासून वाटतं. भोसरीत इंजिनाच्या पार्टवर पोट असलेली किती वर्कशॉप आहेत ते मी रोज बघतो. नवं काम इथेच उभं राहिलं तर हवंच आहे.

कागदपत्रं तीन. एक, मान्यता: गाड्या तपासून प्रमाणपत्र देणारी एआरएआय ही संस्था पुण्यात आपल्या वेताळ टेकडीवरच आहे. तिथलं किंवा दुसऱ्या अधिकृत संस्थेचं प्रमाणपत्र याच मॉडेलला, याच बॅटरीला मिळालंय का ते लेखी विचारा. ‘प्रक्रियेत आहे’ याचा अर्थ अजून नाही. दोन, गाड्या रस्त्यावर आल्या असतील तर ‘वाहन’ या सरकारी गाडी-नोंदणीच्या संकेतस्थळावरच्या डॅशबोर्डवर त्या उत्पादकाच्या महिन्यागणिक नोंदणी बघा, एमएच 12 (पुणे) आणि एमएच 14 (पिंपरी-चिंचवड) वेगळे काढून. किती बुकिंग झाली यापेक्षा किती पासिंग झाली ते महत्त्वाचं. तीन, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका. ताळेबंद वेळेवर भरलेत का, मालमत्तेवर कर्जाचा बोजा आहे का, एवढं तरी दिसतं.

आणि कंपनी बसली तर काय, हे आधीच विचारा. अमेरिकेतल्या फिस्करने 2024च्या जूनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा ओशन गाडीच्या मालकांना पार्ट आणि सॉफ्टवेअरसाठी स्वतःची संघटना उभारावी लागली. म्हणून विचारा: बॅटरीतले सेल कुणाचे, मोटर कुणाची, चार्जिंग सॉकेट सीसीएस2, म्हणजे आपल्याकडच्या गाड्यांच्या फास्ट चार्जिंगला सर्रास चालणारं, आहे का, मोबाइल ॲप बंद पडलं तर गाडी किल्लीने सुरू होते का. मोटर आणि तिला वीज पुरवून चालवणारा कंट्रोलर बाजारातल्या ओळखीच्या पुरवठादाराचे असतील तर उद्या दुरुस्ती करणारा कुणीतरी सापडेल. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं लिहिली असेल तर ती कंपनी देते की सेल बनवणारा, ते कागदावर दाखवायला लावा.

हे सगळं पटलं तर बुक करा. पावतीवर मॉडेलचं पूर्ण नाव, बॅटरीचा आकार, किंमत कोणत्या तारखेपर्यंत पक्की आणि रद्द केल्यास पैसे किती दिवसांत परत, एवढं लिहून घ्या. पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यातच भरा, डीलरच्या यूपीआयवर नको. आणि ताबा घेण्याआधी गाडी चांदणी चौकाच्या चढावर, एसी लावून, माणसं भरून एकदा चालवूनच बघा.