देशाच्या अर्थव्यवस्थेबद्दल बोलताना या चुका टाळा

‘अर्थव्यवस्था वाढली’ असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा: नेमकं काय वाढलं? बहुतेकदा बोलणाऱ्याच्या मनात जीडीपी असतो, म्हणजे देशाच्या हद्दीत ठरावीक काळात तयार झालेल्या अंतिम वस्तू-सेवांचं मूल्य. यातला ‘ठरावीक काळात’ हा भाग विसरला की गोंधळ सुरू होतो.

मला सर्वाधिक खटकणारी चूक म्हणजे ‘अमुक कंपनी तमुक देशाच्या अर्थव्यवस्थेपेक्षा मोठी आहे’ हे विधान. कंपनीचं बाजारमूल्य म्हणजे तिच्या सगळ्या शेअर्सची आजची किंमत. जीडीपी मात्र वर्षभराचं उत्पादन मोजतो. एकाच्या घराची किंमत दुसऱ्याच्या वार्षिक पगाराशी ताडून पाहावी, तसा हा प्रकार. कंपनीची विक्री घेऊनही भागत नाही, कारण तिच्यात इतरांकडून घेतलेल्या मालाची किंमत मिसळलेली असते. तुलना करायचीच तर कंपनीने वर्षभरात केलेलं मूल्यवर्धन घ्या, म्हणजे विक्रीतून इतरांकडून घेतलेल्या मालाची किंमत वजा करून उरतं ते. कर्जाचंही तसंच. जपानचं सरकारी कर्ज जीडीपीच्या दुपटीहून अधिक आहे, म्हणजे देशाच्या संपत्तीच्या दुप्पट नव्हे. अनेक वर्षांत साठलेलं कर्ज तिथे एका वर्षाच्या उत्पादनाशी मोजलेलं असतं.

वाढीचा दर वाचताना तो चालू किमतींचा (त्या-त्या वर्षीच्या भावांनी मोजलेला) की स्थिर किमतींचा (भाववाढ वगळून मोजलेला), हे पाहा. चालू किमतींनुसार वाढ ८ टक्के आणि भाववाढ ५ टक्के असेल, तर खरी वाढ ३ टक्क्यांच्या आसपासच. महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले, असंही समजू नका. भाव वाढतच असतात, फक्त सावकाश.

शेअर बाजारालाही अर्थव्यवस्था म्हणू नका. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ५०० मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सवर आधारलेला एस अँड पी ५०० निर्देशांक विक्रमी पातळीवर होता, त्याच महिन्यात तिथली बेरोजगारी ८ टक्क्यांच्या वर होती.

आणि जीडीपी वाढला म्हणजे लोकांचं बरं चाललंय, हेही गृहीत धरू नका. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब मांडणारे अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकी काँग्रेसला (तिथल्या संसदेला) दिलेल्या अहवालात यावर सावध केलं होतं. २०१५ मध्ये आयर्लंडचा जीडीपी एका वर्षात २५ टक्क्यांच्या आसपास वाढला, पण लोकांची मिळकत काही तेवढी वाढली नव्हती. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा (पेटंटसारखे हक्क) तिकडे हलवली होती, हे त्यामागचं मोठं कारण. पुढे तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने असे परिणाम वगळून राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा आकडा द्यायला सुरुवात केली.